उतार मिळण्याबाबत

३ फेब्रुवारी

पत्नीला आज रुग्णालयातून घरी आणले. मणक्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, म्हणजे ती वाचली. कमरेखालचे शरीर मात्र यापुढे साथ देणार नाही. चाकाची खुर्ची नवी आहे. मागचे उजवे चाक कुरकुरत होते, त्यात तेल घातले.

अडचण पायऱ्यांची निघाली. आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत हे मला ठाऊक होते, परंतु त्या मोजाव्यात असे कधी वाटले नव्हते. मेहुणा आणि रुग्णवाहिकेचा चालक यांनी तिला खुर्चीसकट उचलून वर घेतले. मधल्या पायरीवर खुर्ची तिरकी झाली तेव्हा ती म्हणाली, "जपून रे बाबांनो! कपाट चढवताय, आरसा फुटेल." सगळे हसले. नंतर ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून होती. औषधाचा परिणाम असावा.

तिचे मागणे एकच आहे: समोरचे दुकान. रस्त्यापलीकडे तिचा कपडे शिवण्याचा गाळा आहे; बैठकीच्या खिडकीतून त्याचे बंद शटर दिसते. पायाने चालवायच्या शिलाई यंत्राला हाताने फिरवायचा दांडा बसवून घेईन म्हणते. जूनच्या आधी शाळेच्या गणवेशांचे काम येते. तोवर दुकान उघडले नाही तर गाळा दुसऱ्याला देईन, असे मालकाने कळवले आहे. माझ्या मते तो तिचा विरंगुळा आहे. परंतु विरंगुळ्यालाही दाराबाहेर पडावे लागते. तेव्हा पायऱ्यांवर उतार बांधणे आवश्यक.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, रविवारी मी आणि गवंडी मिळून टाकून देतो. सोमवारी ताई दुकानात."

मी त्याला दाखवून दिले की उताराचे टोक पदपथावर येते, पदपथ सार्वजनिक आहे, आणि त्यासाठी नगर कार्यालयाची परवानगी लागते.

"अहो, या गल्लीत परवानगी कोणी घेतलीय? कोपऱ्यावरच्याने अख्खी खोली काढलीय पुढे!"

"म्हणूनच," मी म्हणालो.

लोक कार्यालयांच्या नावाने बोटे मोडतात, कारण त्यांचे अर्ज अपुरे असतात. मी कंपनीच्या देयक विभागात उभी हयात इतरांचे अपुरे कागद परत करण्यात घालवली आहे. निर्दोष अर्ज परत करता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. तसा अर्ज अद्याप माझ्यापुढे आलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

७ फेब्रुवारी

अर्ज तयार झाला. पत्नीला वाचून दाखवला. "विषय: राहत्या घरासमोर उतार मिळण्याबाबत."

"मिळण्याबाबत? बांधणार तुम्ही की देणार ते?"

मी सांगितले की तशी पद्धत आहे.

"आणि उतार काय हो? रॅम्प लिहा ना. रॅम्प म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळतं."

अर्ज शेंबड्या पोरांसाठी नसून नगर कार्यालयासाठी आहे, हे मी तिच्या लक्षात आणून दिले. आपल्या भाषेत अचूक शब्द असताना परका शब्द उसना घेणे मला पटत नाही. वाणिज्य शाखेत पत्रव्यवहाराच्या विषयात मी पहिला आलो होतो, हेही बोलण्याच्या ओघात निघाले.

"हे तुम्ही लग्न ठरवायला आलात तेव्हाही सांगितलं होतं," ती म्हणाली. "पाठवा. मी काय पेपर तपासायला बसले नाही."

२७ फेब्रुवारी

कार्यालयातून बोलावणे आले, म्हणून गेलो. बांधकाम कक्षाच्या खिडकीत बसणाऱ्या गृहस्थांना सगळे त्रुटीसाहेब म्हणतात. कागद हाती घेताच "त्रुटी आहे" म्हणण्याची त्यांना सवय आहे. मला हा माणूस प्रथमदर्शनी आवडला.

त्यांनी एक पाकीट दिले. आत आमच्या मिळकतीच्या नोंदीचा शिक्का मारलेला उतारा होता.

"मी उतार मागितला होता."

"हो ना. काना राहिला होता तुमचा. मी दिला."

"काना राहिला नव्हता."

"राहतो हो. भल्याभल्यांचा राहतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"मला उतारा नको आहे. उतार हवा आहे. दारापुढे, खुर्ची खाली न्यायला."

"म्हणजे रॅम्प?"

"उतार."

"अहो, मग रॅम्प लिहायचं! उगाच नोंदी कक्षात फिरून आली तुमची फाइल. आता असं करा, नवा अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचा दाखला लावा. आणि रॅम्प लिहा बरं का."

नवा अर्ज दिला. शब्द बदलला नाही. पहिल्या अर्जाशी दुसरा विसंगत असणे हीच पुढे त्रुटी ठरली असती.

घरी हकिकत सांगितली. पत्नी इतकी हसली की खुर्चीचा हात धरावा लागला. "विषावर देतात तो तर उतारा नाही ना हा? असेल तर ठेवा जपून, लागेल." हसता हसता तिचे लक्ष खिडकीबाहेर गेले आणि ती थांबली. गाळ्यापुढे मालक कोणाला तरी शटर उघडून आतली जागा दाखवत होता.

१५ मार्च

डॉक्टर परक्या भाषेत दोन ओळी खरडून मोकळे होणार होते. मी त्यांना थांबवले. दाखला कार्यालयात जाणार, तेव्हा तो आपल्या शुद्ध भाषेत हवा.

"मला नाही बुवा तसलं जमत," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सांगा, मी लिहितो."

मी सांगितले, त्यांनी लिहिले: "रुग्णाच्या प्रकृतीस उतार आहे. तथापि चाकाची खुर्ची कायम लागेल." स्वच्छ, नेमकी, डौलदार वाक्ये. डॉक्टरांनीही मान हलवली.

घरी आलो तर खिडकीशी शेजारच्या दोन बायका उभ्या. पत्नी गजांतून हात बाहेर काढून त्यांतल्या एकीच्या दंडाचे माप घेत होती. "वळा जरा. आता मागं. श्वास सोडा हो काकू, फोटो नाही काढत मी!" बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज मोठा झाला होता.

बायका गेल्यावर मी तिला समजावले की आपले घर निवासी आहे, आपला अर्ज विचाराधीन आहे, आणि अशा वेळी घरातून धंदा चालतो असे कोणी कळवले तर अर्जाला बाधा येईल. तिने टेप गुंडाळून मांडीवर ठेवला.

"बरं," म्हणाली. एवढेच. समजूतदार आहे.

२ एप्रिल

नोटीस आली. "आपण सादर केलेल्या वैद्यकीय दाखल्यानुसार सदर ठिकाणी उतार आहे. त्यास परवानगी घेतल्याचे दिसून येत नाही. तरी सदर अनधिकृत उतार त्वरित पाडून छायाचित्रासह अहवाल द्यावा."

मी नोटीस पुन्हा पुन्हा वाचली. व्याकरणाची एकही चूक नाही.

अर्धी रजा टाकून कार्यालयात गेलो.

"त्रुटीसाहेब, तो उतार प्रकृतीचा आहे."

"कोणाचाही असू दे. परवानगी आहे का?"

"अहो, प्रकृतीला उतार. म्हणजे आजार कमी होतो आहे."

"मग आजार बांधकाम कक्षात कशाला आणलात? इथे जे लिहिलंय ते बांधकाम." त्यांनी दाखल्यावर बोट ठेवले. "उतार आहे. डॉक्टर खोटं लिहितील का?"

"डॉक्टरांना ते वाक्य मी सांगितले."

"बघा. म्हणजे तुम्हीही कबूल करताय."

"जे नाही ते मी पाडू कसे?"

"नाही असं लेखी आणा."

"कोणाकडून?"

"जागेची पाहणी करणाऱ्या साहेबांकडून."

"ते कधी येतील?"

"पाडल्याचा अहवाल आला, की येतात लगेच."

मागे रांगेत कोणीतरी हसले. मी वळून पाहिले नाही. अशा प्रसंगी आपला तोल ढळू देणे म्हणजे समोरच्याला आयती त्रुटी देणे.

रात्री जेवताना मेहुणा म्हणाला, "भाऊजी, आता तरी ऐका. माझ्याकडे जुन्या दाराची भक्कम फळी पडलीय. लावायची, ताई उतरली की काढायची. ना सिमेंट, ना विटा."

प्रकरण चालू असताना फळी म्हणजे आयता पुरावा, असे मी बजावले.

"पुरावा कशाचा? माझी बहीण घराबाहेर पडते याचा?"

त्याला बोलण्याची रीत नाही. पत्नी ताटात बोट फिरवत होती.

२१ एप्रिल

कंपनीत आज एका चालकाच्या प्रवासखर्चाचा कागद परत केला. तारखेवर खाडाखोड होती. तो म्हणाला, साहेब, गाडीत लिहिलं, धक्का बसला. मी म्हणालो, धक्क्याची नोंद कोठे आहे? विभागात सगळे हसले. असे प्रसंग मनाला बरे वाटतात. नियम अजून कोठेतरी पाळले जातात याची खात्री पटते.

कार्यालयाकडून काही नाही.

९ मे

संध्याकाळी कामावरून आलो तर घर रिकामे. पत्नीची खुर्ची नाही, पत्नी नाही. दाराआड जुन्या दाराची फळी उभी करून ठेवलेली.

रस्त्यापलीकडे गाळ्याचे शटर वर होते. आत दिवा लागला होता. यंत्राला हाताचा दांडा बसवला होता. उजव्या हाताने ती तो फिरवत होती, डाव्या हाताने कापड पुढे सारत होती, आणि तोंडात टाचण्या धरून कोणाशी तरी बोलत होती. मेहुणा दारात उभा होता, लग्न लावून दिल्यासारखा.

मी पलीकडे गेलो. चार गिऱ्हाइके होती, म्हणून काही बोललो नाही.

टाचण्या काढून ती म्हणाली, "अहो, बघा, बाही जमली. हात विसरले नाहीत." तिच्या गालावर खडूची रेघ ओढली गेली होती. तिला ते ठाऊक नव्हते. मी सांगणार होतो, राहून गेले.

मालकाने गाळा तिच्याकडेच ठेवला. गणवेशांचे काम मिळाले.

फळीविषयी उद्या बोलेन.

१२ मे

फळीविषयी अद्याप बोलणे झालेले नाही. सकाळी मेहुणा येतो, फळी लावतो, ती उतरते, तो फळी दाराआड ठेवून जातो. संध्याकाळी पुन्हा लावतो, ती वर येते. मी त्या वेळी स्नानगृहात असतो. जे पाहिले नाही त्याची साक्ष द्यावी लागत नाही. ही पळवाट मला शोभत नाही, हे मी येथे नमूद करतो.

२४ मे

आजचा दिवस सविस्तर लिहितो, म्हणजे पुढेमागे कोणी माझ्या वागण्याचा विपर्यास करणार नाही.

सुट्टी असल्याने घरी होतो. पाडल्याचा अहवाल माझ्याकडून न गेल्याने दुपारी पाहणीचे साहेब स्वतःच उतार पाडायला आले, सोबत हातगाडी घेऊन दोन कामगार. साहेब घामाघूम झालेले, स्थूल, स्वभावाने बरे वाटले. पायऱ्यांकडे पाहून म्हणाले, "कुठे आहे उतार? काहीच नाही इथे. कोणी लिहिलं हे?"

मी सांगितले की तो प्रकृतीचा उतार होता. ते इतके हसले की पायरीवर बसले. "या त्रुटीने आजवर मला असलं कायकाय दाखवलंय! आणा, 'नाही' लिहून देतो. पुढच्या आठवड्यात परवानगी घेऊन जा."

त्यांनी एक छापील नमुना भरला आणि कागद माझ्यापुढे केला. मी वाचला. "सदर ठिकाणी कोणत्याही प्रकारचा उतार नाही व यापूर्वी कधीही लावलेला नव्हता. घरमालकाची सही."

"यातले 'कधीही' काढता येईल काय?" मी विचारले.

"छापील आहे ते."

"मग मला सही करता येणार नाही. काही दिवसांपासून येथे सकाळ-संध्याकाळ एक फळी लावली जाते."

त्यांनी कामगारांकडे एक नजर टाकली. मग आवाज उतरवून म्हणाले, "मला फळी दिसली नाही."

"दाराआड आहे."

"अहो, मी दाराआड बघितलंच नाही ना! सही करा आणि मोकळे व्हा."

"तुम्ही बघितले नाही, परंतु मी बघितले आहे. सही माझी आहे."

मी दार पुढे ओढून फळी दाखवली.

साहेबांनी कपाळ पुसले. "आता दिसली. दिसली की मला जप्त करावी लागते हो. का केलंत असं?"

फळी हातगाडीवर चढली तेव्हा समोरच्या गाळ्यातले यंत्र थांबले. पत्नी खुर्ची पुढे घेऊन गाळ्याच्या तोंडाशी आली होती. रस्त्यावर गर्दी होती, त्यामुळे तिचा चेहरा मला नीट दिसला नाही. नगर कार्यालयाने इतके तत्पर काम केलेले मी यापूर्वी पाहिले नव्हते.

संध्याकाळी मेहुणा आणि मी तिला उचलून वर घेण्यास सज्ज झालो. ती म्हणाली, "नको."

"अगं, तीनच पायऱ्या आहेत."

"ठाऊक आहे. त्या दिवशी चढवलंत तेव्हाही तीनच होत्या." मग भावाकडे वळून म्हणाली, "तुझ्या दाराला उंबरासुद्धा नाही ना रे?"

"नाही ताई. अगदी सपाट."

"चल तर."

मी तिला सांगितले की मी खोटी सही केली असती तर पुढे सगळेच प्रकरण रद्द झाले असते. तिने मान हलवली. "तुम्ही बरोबरच असता हो. कायमच बरोबर असता." बऱ्याच दिवसांनी तिने माझे मोकळेपणाने कौतुक केले.

परवानगी येईपर्यंत ती भावाकडे राहील. तात्पुरती व्यवस्था म्हणून ही वाईट नाही.

१८ जून

त्रुटीसाहेबांनी हसतमुखाने स्वागत केले. "त्या फळीने तुमचं काम केलं बघा! पाडलेला उतार हवा होता, तो मिळाला. प्रकरण पूर्ण झालं."

परवानगी मिळाली. ती पत्नीच्या नावे आहे. ती त्या पत्त्यावर राहत असेतोवर उतार ठेवता येईल, अशी अट आहे. अट रास्त आहे. जो वापरणार त्याच्याच नावे परवानगी हवी.

सचोटीचे फळ उशिरा मिळते, परंतु मिळते. मेहुण्याला हे ऐकवणार होतो. तो दुकानात भेटला, पण उभा राहिला नाही.

१० जुलै

उतार पूर्ण झाला. गवंड्याला मी तो दोनदा फोडून पुन्हा करायला लावला, तिसऱ्यांदा त्याने "साहेब, यावरून विमान उतरवायचंय का?" असे विचारले. परंतु आता गोटी वरून सोडली तर सरळ खाली जाते, वाकडी होत नाही. कडेला कठडा बसवला. त्याची उंची ठरवताना मोजायला पत्नी घरी नव्हती. खिडकीच्या गजावर तिचा कोपर टेकायचा तेथे रंग उडाला आहे, त्यावरून माप घेतले. मग मी स्वतः घासकागदाने कठडा गुळगुळीत केला. तिच्या तळहाताची कातडी नाजूक आहे.

संध्याकाळी गाळ्यात गेलो. गणवेशांचे ढीग लागले होते. हाताखाली दोन मुली ठेवल्या आहेत. मी म्हणालो, "उतार झाला."

तिने दाराबाहेर पाहिले. "छान दिसतोय."

"आता केव्हा येतेस?"

ती दांडा फिरवायची थांबली. "अहो, तुम्ही उतार बांधलात. वरच्या माणसाला तो उतार. मी खाली आहे. मला तो चढ आहे."

मी तिला समजावले की बांधकाम एकच, वापर दोन्ही बाजूंनी होतो. शिवाय चढण इतकी हलकी ठेवली आहे की खुर्ची ढकलणाऱ्याला दम लागणार नाही.

"कळलं मला," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं का?" आणि पुन्हा कापड पुढे सारले.

मुली खाली मान घालून काजे करत होत्या. बहुधा कामाचा ताण आहे. गणवेश संपले की येईल.

२९ ऑगस्ट

गणवेश केव्हाच संपले.

आज काम पूर्ण झाल्याचा कागद भरून देण्यासाठी गेलो. शेवटचा प्रश्न असा: "परवानगीधारक सध्या सदर पत्त्यावर राहतात काय?"

मी बराच वेळ लेखणी धरून उभा राहिलो. त्रुटीसाहेब खिडकीतून वाकून म्हणाले, "लिहा की 'होय'. तिथे अडलात होय?"

"ती भावाकडे असते."

"आज तिकडे आहेत, उद्या येतील. बायकोच आहे ना तुमची? घरात राहते असं लिहायला काय जातंय?"

"ती येईल असे तिने म्हटलेले नाही."

हे वाक्य मी प्रथमच उच्चारले. ऐकायला अगदी अचूक वाटले.

"साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "मी ही जागा सोडून चहाला जातो. तुम्ही काहीतरी लिहा आणि टाका पेटीत. मी वाचणार नाही. शब्द देतो."

मी "नाही" असे लिहिले, खाली सही केली, आणि ते चहाहून परत येईपर्यंत थांबून कागद त्यांच्या हाती दिला.

११ सप्टेंबर

नोटीस आली. परवानगीची अट भंग झाल्याने सदर उतार पाडावा आणि छायाचित्रासह अहवाल द्यावा. या वेळी पाडण्यासारखे काहीतरी आहे, एवढा फरक.

१४ सप्टेंबर

गवंड्याने नकार दिला. "बांधायला तीनदा लावलंत, आता पाडायला दुसरा बघा." दुसरा पाहिला.

काँक्रीट चांगले झाले होते. घण घालता घालता माणूस दमला. समोर यंत्र चालू होते. पहिल्या घावाला ते थांबेल असे मला वाटले होते. थांबले नाही. कठडा शेवटी निघाला. त्याचा एक तुकडा मी आत आणून ठेवला आहे. कशासाठी, ते सांगता येणार नाही.

तिन्ही पायऱ्या पुन्हा दिसू लागल्या. छायाचित्र काढले. चौकटीत पलीकडचा गाळाही येत होता. कापून टाकला, कारण त्याचा विषयाशी संबंध नव्हता.

१५ सप्टेंबर

अहवाल सादर केला. एकच ओळ: "सदर पत्त्यावर आता उतार नाही."

त्रुटीसाहेबांनी ती वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढून माझ्याकडे पाहिले.

"यात त्रुटी नाही," ते म्हणाले, आणि शिक्का मारला.